फर्नेसचा पंखा दिवसरात्र चालू ठेवला तर घर गार राहतं का? आणि वीज किती जाते?

मिसिसागाकर

नमस्कार मंडळी,

मिसिसागाला (कॅनडा, टोरोंटोजवळ) तीनमजली टाउनहाउसमध्ये राहतो. उन्हाळा लागला की ठरलेलं दुखणं. बेसमेंटमध्ये स्वेटर घालावासा वाटतो, मधला मजला ठीकठाक आणि वरच्या बेडरूममध्ये अंगाची लाही. एसी सगळ्या घराला एकच, हिवाळ्यात घर गरम करणाऱ्या फर्नेसचाच पंखा त्याची हवा डक्टमधून (पत्र्याच्या नळांतून) घरभर ढकलतो. थर्मोस्टॅट मधल्या मजल्यावर. तिथे २४ झाले की तो खूश होऊन बंद पडतो, तेव्हा वर २७-२८ असतात.

शेजारच्या पंजाबी अंकलनी सल्ला दिलाय की एसी कशाला लावतोस, थर्मोस्टॅटवर फॅनचं बटण 'ऑटो'वरून 'ऑन'वर टाक (म्हणजे एसी बंद असतानाही पंखा फिरत राहील), बेसमेंटची गार हवा आपोआप वर येईल. नुसता पंखा तो, त्याला वीज ती किती लागणार? सौ.चं म्हणणं बरोबर उलटं. तीन मजल्यांत हवा ढकलणारा पंखा फुकट कसा फिरेल?

जाणकारांनी निवाडा करावा. फर्नेस गॅसची आहे, २००८ ची, घराबरोबरच आलेली. हायड्रोचं (म्हणजे विजेचं) बिल वितरण, कर सगळं मिळून युनिटला सरासरी १५ सेंट पडतं असं धरा.

कट्टेकरी

सौ. बरोबर. धागा बंद करा.

ओहम_शांती

सौ. बरोबर आहेत, पण किती बरोबर ते फर्नेसमध्ये कुठली मोटर आहे त्यावर ठरेल.

तुमची फर्नेस २००८ ची आहे म्हणजे बहुधा पीएससी मोटर असेल. कपॅसिटरवाली, घरातल्या अल्टरनेटिंग करंटवर थेट चालणारी साधी मोटर, आपल्याकडच्या जुन्या सीलिंग फॅनची थोरली बहीण. ही घरगुती फर्नेसमध्ये साधारण ४०० ते ७०० वॉट खाते. आपण ५०० धरू. दिवसरात्र चालवली तर रोज १२ युनिट, महिन्याला ३६०. तुमच्या दराने ५४ डॉलर. जून ते सप्टेंबर चार महिने केलंत तर दोनशेच्या वर गेलात, आणि एवढं करून एक थेंबभरही गारवा तयार झालेला नाही.

दुसरा प्रकार ईसीएम. ही इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची, ब्रशविरहित डीसी मोटर. हल्ली भारतात ज्यांना बीएलडीसी पंखे म्हणतात त्यांच्यात असते तीच जात. सतत फिरण्यासाठी हिला वेगळा मंद वेग दिलेला असतो, त्या वेगाला ७०-१०० वॉट पुरतात. ८० धरले तर महिन्याला ५८ युनिट, नऊ डॉलरच्या आत.

म्हणजे एकच बटण, एकच 'ऑन', आणि एका घरात नऊ डॉलर तर शेजारच्या घरात चोपन्न. अंकलकडे ईसीएम असेल तर त्यांच्यापुरता त्यांचा सल्ला महाग नाही.

फरक एवढा का पडतो? पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की कागदावर शक्ती एक अष्टमांश. ईसीएमला खरोखर हळू फिरता येतं, त्यामुळे या नियमाचा बराचसा फायदा तिला मिळतो. पीएससीचा वेग खालच्या टॅपवर (मोटरच्या कमी वेगाच्या वायरीवर) आणला तरी बरीचशी वीज मोटर तापण्यातच जाते.

मिसिसागाकर

बापरे. महिन्याला चोपन्न म्हणजे एसीच्या जवळपास आलं की.

ओहम_शांती

जवळपास नाही, पुढेसुद्धा जाऊ शकतं. दोन टनी एसी, थोडा जुना, आतल्या पंख्यासकट सव्वादोन किलोवॉटच्या आसपास घेतो. तुमच्या पंख्याच्या रोजच्या १२ युनिटांत तो साडेपाच तास चालेल. तेवढ्या वेळात तो घरातली एक लाख तीस हजार बीटीयू (उष्णतेचं एकक) उष्णता बाहेर फेकतो. पंखा त्याच १२ युनिटांत चाळीस हजार बीटीयू घरात टाकतो. मोटर फर्नेसच्या पोटात, हवेच्या झोतातच बसलेली असते. ती खाते ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन डक्टमधून तुमच्याच बेडरूममध्ये येते. ५०० वॉट म्हणजे पाच माणसं दिवसरात्र घरात बसवून ठेवल्यासारखं.

एसी आणि 'ऑन' दोन्ही चालू असतील तर आणखी वाईट. समजा एसी सहा तास चालला. उरलेले १८ तास पंखा नुसता फिरला त्याचे ९ युनिट, आणि त्या ९ युनिटांची उष्णता बाहेर काढायला एसीला वरचे सुमारे ३.

सुगरण_सई

पाच माणसं, तीही काम न करणारी. आमच्याकडे उन्हाळ्यात भारतातून पाहुणे येतात तेव्हा असंच होतं. 😀

तळघरवाला

ओहमरावांचं गणित बरोबर, पण एक बाजू राहिली. बेसमेंटचा गारवा खरा असतो. इथली जमीन खोलवर वर्षभर दहा अंशांच्या आसपास असते. तळाचा काँक्रीटचा स्लॅब आणि भिंती त्या जमिनीला चिकटलेल्या, म्हणून उन्हाळ्यातही बेसमेंट १९-२० वर राहतं. तो गारवा वर आणता आला तर का आणू नये?

ओहम_शांती

जरूर आणा, पण किती आहे ते आधी मोजून बघू.

८०० चौरस फुटांचं बेसमेंट, ८ फूट उंची. त्यातल्या हवेचं वजन साधारण २१५ किलो. ती वरच्या हवेपेक्षा ६ अंशांनी गार आहे असं धरलं तर तिच्यात साठलेला सगळा गारवा मिळून ०.३६ युनिट. ५०० वॉटची मोटर तेवढी उष्णता पाऊण तासाच्या आत हवेत सोडते. आणि फर्नेसचा पंखा एवढी हवा आठ-दहा मिनिटांत उपसून टाकतो. म्हणजे 'ऑन' केल्यावर पहिली दहा मिनिटं वर छान गार झुळूक येते, अंकल खूश होतात, आणि पुढचे तेवीस तास मोटर पैसे खात बसते.

राहिला स्लॅब. त्यात गारवा खूप आहे, पण तो बाहेर यायला वेळ घेतो. ७५ चौरस मीटर उघडी काँक्रीटची जमीन हवेपेक्षा तीन अंश गार असेल तर अंदाजे एक ते सव्वा किलोवॉट दराने उष्णता शोषेल. त्यातला अर्धा किलोवॉट मोटरच परत भरते. उरला अर्धा-पाऊण किलोवॉट, म्हणजे एका टनाचा पाचवा हिस्सा कसाबसा. आणि बेसमेंट फिनिश्ड असेल, कार्पेट, खाली प्लायवूड, भिंतींना इन्सुलेशन, तर तेही विसरा.

ईसीएम असेल तर मात्र हाच हिशोब पालटतो, कारण भरणारी उष्णता ८० वॉटच. तेव्हा थोडा का होईना, निव्वळ फायदा हाती लागतो.

तळघरवाला

आमचं अनफिनिश्ड आणि मोटर ईसीएम. म्हणूनच मला फरक जाणवत असणार. मान्य.

पत्रेवाला

मी याच धंद्यात आहे, डक्ट आणि फर्नेसचं काम करतो. दोन-तीन गोष्टी.

मोटर ओळखायची तर खालचं झाकण काढून बघा. आधी फर्नेसच्या बाजूच्या भिंतीवर दिव्याच्या बटणासारखा स्विच असतो तो बंद करा. ब्लोअरच्या घराला चिकटलेला डब्यासारखा किंवा लंबगोल कपॅसिटर दिसला आणि मोटरला काळी, निळी, लाल अशा सुट्या वायरी गेलेल्या असल्या तर पीएससी. मोटरच्या ढुंगणावर इलेक्ट्रॉनिक्सचा डबा आणि त्यात प्लगवाली वायरींची जुडी असेल तर ईसीएम. झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावरही बहुतेक लिहिलेलं असतं. अमेरिकेत ऊर्जा खात्याच्या नियमामुळे ३ जुलै २०१९ नंतर बनलेल्या फर्नेसच्या पंख्यांना कार्यक्षमतेची अट आहे, त्यामुळे त्यानंतरच्या मालात जुन्या पद्धतीची पीएससी जवळजवळ दिसत नाही. कॅनडात येणारा मालही बहुतेक त्याच कारखान्यांचा.

दुसरी गोष्ट. पीएससी फर्नेसमध्ये 'ऑन' केलं की बऱ्याचदा पंखा एसीच्या वेगाने फिरतो, म्हणजे सगळ्यात जोरात. बोर्डावर वायर बदलून तो खालच्या टॅपवर आणता येतो. काही बोर्डांवर तशी जागा नसते. काम पाच मिनिटांचं आहे, पण स्वतः करू नका. न वापरलेल्या टॅपच्या वायरी एकमेकींना जोडल्या गेल्या तर मोटर जळते. सर्व्हिसला माणूस येईल तेव्हा सांगा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. बेसमेंटची हवा वर आणायची म्हणून काही लोक फर्नेसच्या फिल्टरचं झाकण उघडं ठेवतात किंवा रिटर्नच्या (घरातली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या डक्टच्या) पत्र्याला भोक पाडतात. असलं काही करू नका. शेजारी चिमणीवर चालणारा गॅसचा गीझर असेल तर पंखा त्या खोलीतली हवा खेचून घेतो आणि गीझरचा धूर चिमणीतून वर जायच्या ऐवजी खोलीत उलटतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि पंखा तो प्रत्येक बेडरूममध्ये नेऊन पोचवतो. अशा उपकरणापासून दहा फुटांच्या आत रिटर्नचं तोंड नको असा अमेरिकेतला नियम याच कारणाने आहे. बेसमेंटमध्ये रिटर्न हवा असेल तर दूर, दुसऱ्या खोलीत, मापाने काढून घ्यावा.

मिसिसागाकर

पत्रेवालेदादा, आमच्या बेसमेंटमध्ये रिटर्नची जाळी दिसतच नाही. फक्त हवा येण्याच्या दोन जाळ्या आहेत, छतात.

पत्रेवाला

मग अंकलचा सल्ला तुमच्या घरात तसाही चालणार नाही. पंखा हवा ओढतो रिटर्नमधून. तुमचे रिटर्न वरच्या दोन मजल्यांवर, म्हणजे तो वरचीच हवा ओढून वरच परत सोडतोय. बेसमेंटची हवा जिन्याने घरंगळत येईल तेवढीच. उलट त्या दोन जाळ्यांतून तुमची एसीची हवा बेसमेंटला चाललीय, जिथे ती कुणालाच नकोय. उन्हाळ्यात त्या दोन्ही बंद करा. मधल्या मजल्यावरच्या अर्ध्या करा. वरच्या पूर्ण उघड्या, आणि वरच्या रिटर्नसमोर कपाट, पलंग, कपड्यांची टोपली काही नको. मी जातो त्या घरांत निम्म्या ठिकाणी रिटर्नच्या जाळीसमोर सोफा असतो.

सगळ्याच जाळ्या आवळून बसू नका मात्र. हवा कमी पडली तर एसीच्या कॉइलवर बर्फ धरतो.

डॅलसचा_दिनू

कॅनडावाल्यांचं बरं आहे, डक्ट बेसमेंटमधून जातात. आमच्या टेक्सासात बेसमेंट नावाची गोष्ट नाही. फर्नेस आणि डक्ट दोन्ही माळ्यावर, आणि ऑगस्टात माळ्यावर ५०-५५ अंश. एसी बंद असताना पंखा 'ऑन' ठेवला की घरातली २५ अंशांची हवा त्या भट्टीतून फिरून परत येते. डक्टचे सांधे गळके असतील तर माळ्यावरची गरम, धुळीची हवा आत. इथे 'ऑटो'शिवाय पर्याय नाही. मोटर ईसीएम असली तरी.

एडिसनची_आजी

न्यू जर्सीहून. आमच्या मुलाने सतत पंखा लावून ठेवला होता तेव्हा घर दमट व्हायला लागलं. चादरी ओलसर लागायच्या, पापड सादळायचे. एसी चालू असूनही. हे कशाने?

ओहम_शांती

आजी, एसी चालू असताना गार कॉइलवर हवेतलं पाणी धरतं आणि खाली ट्रेमधून नळीने बाहेर जातं. कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा कॉइल ओलीच असते. 'ऑटो'वर पंखाही थांबतो, पाणी सावकाश निथळून जातं. 'ऑन'वर पंखा त्या ओल्या कॉइलवरून वारं सोडत राहतो आणि पाणी वाफ होऊन घरात परत येतं. फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरने यावर तपशीलवार मोजमापं केली आहेत. एसी थोडा वेळ चालतो, थोडा वेळ थांबतो अशा दिवसांत सतत पंख्यामुळे पाणी काढण्याचं काम जवळजवळ वाया जाऊ शकतं.

दमट हवेत घाम वाळत नाही, मग माणूस थर्मोस्टॅट आणखी दोन अंश खाली ओढतो. तो खर्च पंख्याच्या खात्यावर कुणी मांडत नाही, पण तो पंख्याचाच.

एडिसनची_आजी

बटण ऑटोवर करायला सांगितलं आहे. मुलगा म्हणतो आई तुला कुणी सांगितलं. म्हटलं, आहेत आमची माणसं.

कट्टेकरी

आजींना साष्टांग नमस्कार.

रेडॉनची_भीती

एक मुद्दा कुणी काढला नाही. बेसमेंटची हवा वर म्हणजे बेसमेंटमधला रेडॉनही वर. जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, वास नाही, रंग नाही. कॅनडात २०० बेकरेलच्या वर असेल तर उपाय करा असं आरोग्य खातं सांगतं, अमेरिकेत ४ पिकोक्युरीच्या वर. आधी घर तपासून घ्या, चाचणीचा छोटा डबा मिळतो, हिवाळ्यात तीन महिने ठेवायचा असतो. आकडा कमी आला तर खुशाल हवा खेळवा.

वाळ्याचा_कूलर

मूळचा नागपूरचा, आता डेन्व्हर. इथे बसून तुमचं गणित वाचताना मजा वाटते, कारण आमच्याकडे प्रश्नच वेगळा. हवा कोरडी ठणठणीत, दिवसा ३४ असलं तरी रात्री १५-१६ वर उतरतं. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत छतावर कूलर असतो. होय, तोच आपला डेझर्ट कूलर! आत ॲस्पेन लाकडाच्या तासलेल्या तंतूंच्या गाद्या, वरून पाणी, मागून पंखा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा घरमालकाला म्हटलं, यात वाळा घालून बघ. त्याला कळलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे होल हाउस फॅन. माळ्याच्या तळाशी बसवलेला मोठा पंखा. संध्याकाळी बाहेर गार झालं की खिडक्या उघडायच्या आणि हा लावायचा. तो घरातली गरम हवा माळ्यातून बाहेर फेकतो आणि खिडक्यांतून बाहेरची गार हवा आत येते. वीज फर्नेसच्या पंख्याइतकीच, पण फरक बघा: हा बाहेरचा गारवा आत आणतो. फर्नेसचा पंखा घरातलीच हवा घरात फिरवतो. खिडक्या उघडून फर्नेसचा पंखा लावला तरी बाहेरची हवा फारशी येत नाही, कारण तो घरातून ओढतो आणि घरातच सोडतो. हे इथल्याही पुष्कळांना कळत नाही.

मिसिसागाकर

आमच्याकडे होल हाउस फॅन चालेल का?

वाळ्याचा_कूलर

जुलैत तुमच्याकडे उकाड्याच्या रात्री २२-२३ आणि घामट. त्या रात्री उपयोग नाही. पण जूनमध्ये आणि ऑगस्ट संपता संपता बऱ्याच रात्री १५-१७ वर येतात ना? तेव्हा भोक पाडून मोठा पंखा कशाला बसवता, खिडकीत बसणारा वीस इंची बॉक्स फॅन आणा. ५० ते १०० वॉट. सगळ्यात वरच्या मजल्याच्या खिडकीत तोंड बाहेर करून लावा, खालची एक खिडकी उघडा. गरम हवा वर जमते, ती बाहेर जाते, खालून गार येते. पंखा आत तोंड करून लावणारे लोक बघितले की जीव तुटतो. सकाळी बाहेरचं तापमान आतल्यापेक्षा वर गेलं की लगेच खिडक्या लावून पडदे ओढा. हे आमच्या आजीने नागपुरात केलंय, तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पुणेरी_पाहुणा

कुतूहल म्हणून विचारतो. तिकडे सीलिंग फॅन नसतात का? एवढी चर्चा चाललीय आणि कुणी त्याचं नाव काढलं नाही. पाच माणसांची उष्णता घरात सोडणारा पंखा चालतो, पण डोक्यावरचा नको?

ओहम_शांती

पुणेरी खरे! अहो मी तिकडेच येत होतो. (येत नव्हतो, पण मुद्दा बिनतोड आहे.)

सीलिंग फॅनही खोली गार करत नाही. तो माणसाला गार करतो. अंगावर वारं लागलं की घाम वाळतो आणि दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. फर्नेसच्या पंख्याचं वारं जमिनीजवळच्या जाळीतून येऊन पडद्याच्या मागे विरून जातं, तुमच्या अंगापर्यंत पोचतच नाही. तुमच्याकडचा जुना पंखा ७०-८० वॉट खातो, बीएलडीसी २८-३५. भारतात जानेवारी २०२३ पासून सीलिंग फॅनला तारांकन सक्तीचं झालंय, त्यामुळे दुकानात बघून घेणं सोपं. बेडरूममध्ये ३० वॉटचा एक पंखा रात्रभर आठ तास म्हणजे पाव युनिट, चार सेंटसुद्धा नाहीत. खोलीत कुणी नसेल तेव्हा बंद करायचा, कारण रिकाम्या खोलीत तो कुणालाच गार करत नाही.

इथल्या नव्या घरांत बेडरूमच्या छताला कधी कधी दिव्याची जागाही नसते, सगळं भिंतीतल्या प्लगवर. वायर टाकून घ्यावी लागते. नाहीतर उभा पंखा आहेच.

सुगरण_सई

पण मग सतत पंखा कधीच लावू नये का? २०२३ च्या जूनमध्ये क्वेबेकच्या वणव्यांचा धूर आला होता तेव्हा आम्ही दिवसरात्र 'ऑन' ठेवला होता. खिडक्या बंद, फिल्टर मर्व्ह १३ चा (बारीक कण अडवणारा). घरात वास खरंच कमी झाला.

ओहम_शांती

ते अगदी योग्य केलंत. फिल्टरमधून हवा जाते ती पंखा फिरतो तेव्हाच. धूर, परागकणांचा मोसम, घरात दम्याचं कुणी, अशा वेळी तुम्ही पैसे हवा गाळण्यासाठी देताय, गारव्यासाठी नाही. त्या दिवसांत रोजचे एक डॉलर ऐंशी सेंट मीही आनंदाने देईन.

फिल्टरबद्दल एक गंमत. फिल्टर तुंबला की ईसीएम मोटर हवा तेवढीच ठेवायला जोर लावते आणि जास्त वीज खाते. पीएससी तुंबलेल्या फिल्टरवर उलट कमी वीज खाते, कारण ती ढकलतेच कमी. म्हणून पीएससीवाल्याने बिल कमी आलं म्हणून खूश होऊ नये, आधी फिल्टर बघावा.

हिवाळ्याचा_प्रश्न

अवांतर: हीच मोटर हिवाळ्यात? तेव्हा तर उष्णता हवीच असते.

ओहम_शांती

अवांतर नाही, चांगला प्रश्न आहे. ओटावात कॅनेडियन सेंटर फॉर हाउसिंग टेक्नॉलॉजीची दोन अगदी सारखी घरं शेजारी शेजारी बांधलेली आहेत. आत माणसं राहत नाहीत, दिवे, शॉवर, उपकरणं संगणक चालू-बंद करतो. तिथे एकात जुनी मोटर आणि दुसऱ्यात ईसीएम घालून पाहिलं गेलं. हिवाळ्यात ईसीएमने वीज भरपूर वाचवली, पण गॅस थोडा जास्त जळला, कारण जुनी मोटर जी उष्णता फुकट देत होती ती आता गॅसला द्यावी लागली. उन्हाळ्यात मात्र दोन्हीकडून फायदा, पंख्याची वीज वाचली आणि एसीचीही.

म्हणजे निव्वळ हिवाळ्यासाठी मोटर बदलायची तर फायद्यातून वाढलेला गॅस वजा करा. उन्हाळ्यात सतत फिरवणाऱ्याला पैसे लवकर सुटतात.

मिसिसागाकर

मग बदलूनच टाकू का? पीएससीच्या जागी बसणाऱ्या ईसीएम मिळतात असं वाचलं.

पत्रेवाला

मिळतात, बसतात. पण मोटर आणि मजुरी मिळून काही शे डॉलर होतात, आणि तुमची फर्नेस २००८ ची. अशा फर्नेसचं आयुष्य साधारण १५ ते २० वर्षं. मरायला टेकलेल्या घोड्याला नवी नाल कशाला? 'ऑटो'वर ठेवा, खर्च शून्य. फर्नेस बदलाल तेव्हा ईसीएम येईलच. दारावर येऊन 'आजच बदला, सरकारची योजना आहे' म्हणणारे असतात त्यांना आत घेऊ नका. ऑन्टारियोत दारोदार फिरून फर्नेस-एसीचे करार विकायला २०१८ पासून कायद्याने बंदी आहे.

इव्हीवाला

दरांचं कुणी बोललं नाही. ऑन्टारियोत उन्हाळ्यात कामाच्या दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ सगळ्यात महाग, संध्याकाळी ७ ते सकाळी ७ आणि शनिवार-रविवार स्वस्त. पंखा फिरवायचाच तर रात्री फिरवा. मी गाडी चार्ज करतो म्हणून रात्रीच्या अतिस्वस्त योजनेवर आहे, त्यात रात्री ११ ते सकाळी ७ दर नावालाच. पण त्याच योजनेत कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ९ दर असा चढतो की एसी लावताना हात थरथरतो. घरी उकाड्यात म्हातारी माणसं असतील तर ती योजना घेऊ नका.

बे_एरियातली_बाई

१५ सेंट!! इथे ३५-४० सेंट पडतात. ओहमदादांचे ३६० युनिट म्हणजे आमचे १२५-१४५ डॉलर. नुसता पंखा. बसा आता.

डॅलसचा_दिनू

मोजायचं कसं ते सांगा कुणीतरी. प्लगमध्ये लावायचं वॉटमीटर आहे माझ्याकडे, पण फर्नेसला प्लगच नाही.

ओहम_शांती

फर्नेस थेट वायरीने जोडलेली असते, म्हणून ते मीटर चालणार नाही. क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून १२० ने गुणणारे असतात, त्यांचा आकडा फुगतो, कारण पॉवर फॅक्टर (मोजलेला सगळा प्रवाह प्रत्यक्ष वीज खाण्यात जात नाही). ईसीएमच्या बाबतीत तर बराच फुगतो.

सोपा उपाय स्मार्ट मीटर. वीज कंपनीच्या संकेतस्थळावर तासातासाचा वापर दिसतो, ऑन्टारियोत 'ग्रीन बटन' नावाने उतरवूनही घेता येतो. हवा बरी असेल अशा काही रात्री एसी बंद ठेवा, एक रात्र पंखा 'ऑन', एक रात्र 'ऑटो'. पहाटे २ ते ५ चे आकडे ताडून बघा. तेव्हा घरात फ्रिजशिवाय फारसं काही चालू नसतं. तासाला अर्धा युनिट फरक दिसला तर पीएससी, ०.१ च्या आसपास दिसला तर ईसीएम. झाकण उघडायचीही गरज नाही.

मिसिसागाकर

केलं. तासाला ०.५५ च्या आसपास फरक येतोय. झाकणातल्या कागदावरही पीएससीच निघाली. बेसमेंटच्या जाळ्या बंद केल्या, वरच्या रिटर्नसमोरची लाँड्री बास्केट हलवली. (होय, होती.) वरचं तापमान दीडेक अंशाने उतरलं, काहीही न खर्चता.

आता एकच शंका. झोपायच्या आधी वरच्या आणि मधल्या मजल्याची हवा एकदा मिसळून घ्यायला पंखा थोडा वेळ लावला तर? चोवीस तास नाही.

ओहम_शांती

ते करा. एकसारखं तापमान करणं हे फर्नेसच्या पंख्याला खरंच जमतं, त्याला तासाला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. काही थर्मोस्टॅटवर 'सर्क' (सर्क्युलेट) असा तिसरा पर्याय असतो, तो साधारण एक तृतीयांश वेळ पंखा फिरवतो. काहींवर तासाला किती मिनिटं ते स्वतः ठरवता येतं. तासाला १५ मिनिटांप्रमाणे रात्रीचे चार तास केलंत तर जेमतेम अर्धा युनिट, आठ-नऊ सेंट. दमट रात्री मात्र ते आजींच्या पापडांचं लक्षात ठेवा.

मिसिसागाकर

झालं तर. बॉक्स फॅनही आणतो. अंकलना कसं सांगायचं तेवढं बघतो, त्यांच्याकडे तिन्ही मजल्यांवर 'ऑन'ची चर्चा आहे.

वाळ्याचा_कूलर

त्यांच्या फर्नेसचं साल विचारा आधी. २०१९ नंतरची असेल तर गप्प बसा.

आणि रात्री खालची खिडकी उघडी ठेवणार असाल तर तिची जाळी मजबूत आहे ना बघा. टोरोंटोकडे रकून (रात्री खाणं शोधत फिरणारा प्राणी) फार, स्वयंपाकघराच्या खिडकीची निवड करू नका.

सुगरण_सई

रकूनला भाकरी आवडते. अनुभव आहे. वेगळा धागा काढते.